एका रेघेनं खोडलेलं

३ जून

प्रिय बारके,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र तसंच बाजूला ठेवशील, याची मला कल्पना आहे. ठेव, पण टाकू नकोस. फोन मी चार वेळा केला, तू उचलला नाहीस. पाचव्यांदा तुझ्या लेकीनं उचलला आणि म्हणाली, "मावशी, आई बाथरूममध्ये आहे." अर्ध्या तासानं पुन्हा केला, तेव्हाही तू बाथरूममध्येच होतीस. एवढी स्वच्छता आपल्या घरात कुणीच पाळली नव्हती. म्हणून मग पत्र.

काम आहे म्हणूनच लिहितेय. ताकाला जाऊन भांडं लपवायचं माझं वय राहिलेलं नाही. सैन्यात असताना मी घरी जी पत्रं लिहिली ती तुझ्याकडे असतील, तर मला हवी आहेत. सगळी नकोत. ज्यांत काही खाडाखोड केलेली असेल तेवढीच.

झालंय असं. पाच वर्षांपूर्वी मी कॉलेजात नाव घातलं, हे तुला लेकीकडून कळलं असेल. सैन्यातून निवृत्त झालेल्या बायकांसाठी तिथं तीन जागा असतात. वर्ग संध्याकाळचे. पाच वर्षांत पदवी पुरी झाली नाही तर जागा जाते, पुन्हा मिळत नाही. (वर मी आधी 'सहा' लिहिलं होतं, ते खोडून 'पाच' केलंय आणि शेजारी सही केलीय, बघ. मुद्दाम नाही केली. हाच तर घोळ आहे, सांगते.) दिवसभर पार्सलच्या डेपोत उभी असते, पायांचे खांब होतात. मग बस, मग तिसरा मजला, लिफ्ट नाही. वीस वर्षं हेडफोन लावून डावा कान गेला, म्हणून वर्गात डाव्या भिंतीला चिकटून बसते. उजवा कान शिकवणाऱ्याकडे राहतो. पोरं मला कर्नल म्हणतात. मी वायरलेसच्या सेटवर बसणारी बाई, कर्नलच्या खोलीत शिरले असेन ती फक्त कागदावर सही घ्यायला. पण पोरांचा हिरमोड कशाला करायचा.

एप्रिलमध्ये शेवटच्या वर्षाची परीक्षा दिली. मेअखेर सगळ्यांचे निकाल लागले. माझ्या नावापुढे 'निकाल राखून ठेवला आहे'. चौकशी केली तर कारकून म्हणाला, तुमच्यावर गैरप्रकाराचा ठपका आहे. बारके, त्रेपन्नाव्या वर्षी माझ्यावर कॉपीचा आरोप. मी आधी हसले.

आम्ही सेटवर आलेला निरोप वहीत उतरवायचो. चुकलं तर रबर लावायचा नाही, गिरगटायचं नाही, आणि पान तर फाडायचंच नाही, कारण प्रत्येक पानाला नंबर. चुकलेल्या शब्दावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी. वर बरोबर शब्द लिहायचा आणि शेजारी छोटी सही करायची. म्हणजे आधी काय लिहिलं होतं आणि कुणी बदललं, याचं उत्तर कागदावरच राहतं. वीस वर्षांत हाताला तेच वळण लागलं. आता सामानाच्या यादीत साखर खोडून साबण लिहिलं तरी मी शेजारी सही करते. दुकानदार म्हणतो, बाई, चेक आहे का हा?

तर एका पेपरात मी चौदा ठिकाणी खोडलं आणि चौदा सह्या ठोकल्या. उत्तरपत्रिकेत आत कुठंही नाव, सही, खूण चालत नाही. तपासणाऱ्याला ओळख पटावी म्हणून केलेला इशारा धरतात. नियम पहिल्याच पानावर छापलेला असतो, मी तो दर वेळी वाचलेला आहे. आधीची चार वर्षं पेपर कॉलेजातच तपासले जायचे, तिथं सगळ्यांना माझी ही सवय ठाऊक. शेवटच्या वर्षाचे बाहेर जातात.

समितीसमोर उभी राहिले. तिघं होते. म्हणाले, सवय आहे तर जुना लेखी पुरावा आणा, तारखेचा. आता लिहून आणलेलं चालणार नाही. आमच्या वह्या सैन्याच्या कपाटात. त्या मिळाव्यात म्हणून अर्ज केला, तर उत्तर आलं की असा अर्ज करता येत नाही. कॉलेजातले जुने पेपर रद्दीत गेले. एक जुलैला शेवटची सुनावणी आहे. पुरावा नसेल तर हे वर्ष रद्द आणि दोन वर्षं परीक्षेला बंदी, म्हणजे जागाही गेली. सगळं संपलं.

पत्रांवर टपालाचा शिक्का आणि तारीख असते. तेव्हा बघ. पोच दे. हो किंवा नाही, एका शब्दात.

ताई

१२ जून

बारके,

पोच नाही. सेटवर दोनदा निरोप पाठवून पोच आली नाही तर आम्ही तिसऱ्यांदा पाठवायचो आणि हवामानाला शिव्या द्यायचो. तुझ्या हवामानाला शिव्या द्यायचा मला अधिकार नाही, एवढं कळतं.

आज डेपोला दांडी मारली. पाठ धरलीय. पलंगावर पडून लिहितेय, म्हणून अक्षर असं.

सुरुवातीला आम्ही तिघी होतो: मी, लष्करी दवाखान्यातली एक नर्स, आणि एक ड्रायव्हर, जिनं अठरा वर्षं दहाचाकी ट्रक घाटांतून चालवले. नर्स दुसऱ्या वर्षी सुनेच्या बाळंतपणाला गेली ती परत आलीच नाही. दोन महिन्यांसाठी जाते म्हणाली होती. आपल्या वयात घरी गेलेली बाई परत येत नाही, असं ड्रायव्हर म्हणते. ड्रायव्हर टिकली. वाचताना तिच्या डोळ्यांतून पाणी येतं आणि ती ते बाहीला पुसून पुढं वाचते, चष्मा लाव म्हटलं की शिवी देते. ती पास झाली. मला फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी सरळ डेपोच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "चल, चहा पाज. आनंद कुणापाशी करायचा तेच कळेना."

तिथंच तिनं विचारलं, हे सगळं तू कशासाठी केलंस? मी सांगितलं, डेपोत पदवी असली की शिफ्ट बघायचं काम मिळतं, बसायला खुर्ची, तीही चाकांची. ती म्हणाली, "खुर्चीसाठी कुणी पाच वर्षं तीन मजले चढत नाही. खोटं बोलायचं तर जरा मेहनत घेऊन बोल."

तू का बोलत नाहीस हे मला माहीत आहे. उगाच आडून कशाला बोलू. आईला झटका आला, ती अंथरुणाला खिळली आणि मी आले नाही. तुझी परीक्षा तीन आठवड्यांवर होती. मी महिनाभर जरी आले असते तरी तू परीक्षा दिली असतीस. तुझं शेवटचं वर्ष राहिलं ते राहिलंच, आणि आई गेली तोवर अकरा महिने तिचं सगळं तू एकटीनं केलंस. मी कुठं नाकारतेय? पण बारके, सुट्टी मिळाली नाही, यात माझा काय दोष? सैन्य आहे ते. तिथं आपलं चालतं का? हे मी तेव्हाही पत्रात लिहिलं होतं आणि तुझ्या लग्नात मांडवाच्या मागं उभं राहून पुन्हा सांगितलं होतं. तू फक्त "हो का" म्हणालीस आणि पाहुण्यांना पाणी द्यायला निघून गेलीस. त्या 'हो का'चा मला अजून राग आहे.

असो. माझं काम पत्रांचं आहे.

विषय कुठला घेतला ते लेकीनं सांगितलं असेल. नसेल तर राहू दे.

ताई

२० जून

बारके,

काल ट्रंक उघडली. म्हटलं, आपल्याकडेच काही सापडलं तर तुझ्या दारात तिसऱ्यांदा यायला नको. दोन गणवेश निघाले, एक कमरेत येत नाही आणि दुसरा मांडीतच अडकतो. पट्टा निघाला. सेवामुक्तीचं प्रमाणपत्र, छापील. एक कौतुकाचं पत्र, तेही छापील. माझं नाव तेवढं हातानं भरलेलं, आणि तेही चुकीचं. वीस वर्षं रोज पानंच्या पानं लिहीत होते आणि घरात माझ्या अक्षराचं एक जुनं चिठोरं नाही. माझं जे काही लिहिलेलं आहे ते तुझ्याकडे आहे. आई काही टाकायची नाही, तिनं डब्यात ठेवली असतील, आणि डबा तुझ्याकडे गेला असणार.

दहा दिवस राहिले. खरं सांगू? मला आता फार काही वाटेनासं झालंय. सकाळी उठते, पार्सलं इकडून तिकडं जातात, मशीन पीक पीक करतं, संध्याकाळी पाय आपोआप कॉलेजच्या बसकडं वळतात आणि मग आठवतं की वर्ग संपले. आज तर बसमध्ये चढलेही. पुढच्या थांब्यावर उतरून चालत घरी आले.

तुझी लेक म्हणाली, आईनं पत्रं वाचली. एवढ्यानंही बरं वाटलं.

ताई

२५ जून

पाकीट मिळालं.

वर पत्ता तुझ्या अक्षरात बघून मी दारातच बसले, कुलूप उघडायचंही सुचलं नाही. शेजारीण म्हणाली, चक्कर आली का? मी हो म्हटलं, समजावत कोण बसणार. चांगलं जाड पाकीट असेल असं वाटलं होतं. आत एकच पत्र, जुन्या पाकिटासकट, आणि तुझी चिठ्ठी. चिठ्ठी पाठ झालीय आता. 'ताई, पत्रं एकंदर एकतीस आहेत. तीस पत्रांत कुठंही खाडाखोड नाही. तुझ्या उपयोगाचं हे एकच. काम झालं की परत पाठव.'

उलगडून वाचलं. अठ्ठावीस वर्षांपूर्वीचं, निरोपांच्या पिवळ्या कागदावर लिहिलेलं. चौथी ओळ. आधी लिहिलंय, 'मी सुट्टी मागितली नाही. मागायला हवी होती.' त्यावर एक रेघ. अगदी नियमाप्रमाणे, खालचं अक्षर न् अक्षर वाचता येतं. वर लिहिलंय, 'सुट्टी मिळाली नाही. खूप प्रयत्न केला.' आणि शेजारी माझी छोटी सही.

म्हणजे तुला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. लग्नात 'हो का' म्हणालीस तेव्हा हे पत्र तुझ्या डब्यात होतं. मी प्रत्येक वेळी तेच तेच खोटं तुझ्यासमोर मांडत होते आणि तू ते ऐकून घेत होतीस. एकदा तरी तोंडावर म्हणायचंस, ताई, खोटं बोलू नकोस! भांडायचंस! झिंज्या उपटायच्यास! अठ्ठावीस वर्षं मला मूर्खासारखं बोलू दिलंस, हे काय बहिणीचं लक्षण झालं?

आणि आता तीस बाजूला ठेवून नेमकं हेच पाठवलंस.

मला आत्ता पुढं लिहवत नाही.

२९ जून

बारके,

मागचं पत्र तुला मिळालं असेल. ते परत मागवता येत नाही. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, तसं झालं ते. तू काहीच खोटं बोलली नाहीस. बाकीची पत्रं दोन-दोन ओळींची, त्यांत खोडायला होतंच काय. उपयोगाचं एकच होतं, तू एकच पाठवलंस.

हे पत्र न्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. समितीत तिघं अनोळखी माणसं, एक कारकून, आणि त्यांच्यासमोर ही चौथी ओळ? जाऊ दे ती पदवी, म्हटलं. कुठं मला तिच्यावर भाकरी भाजायचीय. ड्रायव्हरला सांगितलं की पत्रं मिळाली नाहीत. तिनं माझ्याकडं बघितलं आणि पर्स ओढून घेतली. पत्र पर्समध्येच होतं, तीन दिवस मी ते सगळीकडं घेऊन फिरत होते. बाईनं तिथंच उभ्या उभ्या वाचलं. डोळ्यांतलं पाणी बाहीला पुसलं, ते नेहमीचंच की दुसरं, मला कळलं नाही.

मग म्हणाली, "ही तुझी धाकटी?"

"हो."

"तिचंही शिक्षण राहिलं, म्हणाली होतीस एकदा. विषय तिचाच घेतलास ना तू? इतिहास?"

मी पर्स तिच्या हातातून परत घेतली.

"तुला बुडवायचं असतं तर तिनं काहीच पाठवलं नसतं, बये. गप्प बसली असती. नाहीतरी तेच करत आली आहे. तू हे नेलं नाहीस तर तिचंही वाया आणि तुझंही वाया. एका घरात दोन-दोन पदव्या अर्धवट ठेवायच्या आहेत का तुला?"

मी म्हटलं, मला लाज वाटते. ती म्हणाली, "वाटू दे की. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच वाटतेय, जरा चाखून बघ."

तर नेतेय. तुला आधी कळवावं असं वाटलं, कारण ओळ माझी असली तरी पत्र तुझं आहे.

ताई

१ जुलै

बारके,

आत्ताच आले. चपला पायातच आहेत, आधी तुला लिहिते.

मध्ये बसल्या होत्या त्या गणिताच्या बाई, चष्मा दोरीला बांधलेला. एका बाजूला कायदा शिकवणारे, दुसऱ्या बाजूला एक गृहस्थ जे दोन्ही वेळी एक शब्द बोलले नाहीत. कोपऱ्यात कारकून टाइप करायला. ड्रायव्हर बाहेर बाकावर.

बाईंनी आधी पाकिटावरचा शिक्का बघितला, मग कागद खिडकीशी नेला. माझी उत्तरपत्रिका शेजारी धरली. रेघ बघितली, सही बघितली, पुन्हा रेघ बघितली. मला वाटलं, एवढ्यावरच होईल. पण त्या म्हणाल्या, नोंद करायला हवी, आणि मोठ्यानं वाचायला लागल्या. "खोडलेला मजकूर: मी सुट्टी मागितली नाही. मागायला हवी होती. वर लिहिलेला मजकूर: सुट्टी मिळाली नाही. खूप प्रयत्न केला."

कारकून थांबला. "मॅडम, खोडलेलं परत सांगा."

बाईंनी परत वाचलं. सावकाश, एकेक शब्द. सेटवर आम्ही असंच करायचो, निरोप उतरवून घेतला की परत वाचून दाखवायचा, म्हणजे समोरच्याची खात्री होते. मी भिंतीकडं बघत उभी होते. कानाचं कारण सांगून डावीकडं तोंड फिरवावं, असंही मनात येऊन गेलं.

मग कायद्याचे म्हणाले, "पुरावा म्हणून घ्यायचं तर एक विचारावं लागेल. यातलं खरं कुठलं?"

त्यांना कशाला हवं होतं ते, बारके? सवयीचा पुरावा होता, दिसत होता. मला राग आला. वाटलं, सांगावं की वरचं. कुणाला कळणार होतं? तुला सोडून कुणालाच नाही.

मी म्हटलं, "खोडलेलं."

"मोठ्यानं बोला, नोंद व्हायचीय."

"खोडलेलं खरं आहे. सुट्टी मी मागितलीच नव्हती."

टाइप झालं. आता ते विद्यापीठाच्या कागदपत्रांत आहे, शिक्क्यासकट. माझ्या तोंडून ते पहिल्यांदाच बाहेर पडलं आणि तेही तीन परक्यांसमोर, तू तिथं नसताना. याबद्दल मला फार वाईट वाटलं. उलटं व्हायला हवं होतं.

बाईंनी पत्र घडी घालून माझ्या हातात दिलं आणि एवढंच म्हणाल्या, "निर्णय कळवू. पत्र सांभाळून ठेवा, आम्ही फोटो काढून घेतलाय." बाहेर ड्रायव्हर उठून उभी राहिली. आम्ही थांब्यापर्यंत चालत गेलो आणि तिनं माझी पिशवी घेतली.

ताई

२२ जुलै

प्रिय बारके,

पास झाले. त्या पेपरात एक्केचाळीस, अगदी काठावर. सह्यांबद्दल लेखी ताकीद मिळाली आहे की यापुढं परीक्षेत असं करू नये. यापुढं मी कुठली परीक्षा द्यायला जातेय! पदवीदान डिसेंबरात आहे. ये म्हणत नाही. तुझं त्या कागदाशी काय नातं आहे ते मला माहीत आहे, आणि टाळ्या वाजवायला तुला बोलवायला मी काही इतकी निर्लज्ज नाही. ड्रायव्हर आणि मी जाणार आहोत. ती गणवेश घालू म्हणते. मी तिला माझ्या मांडीची गोष्ट सांगितली.

आता राहिलेलं सांगते. तू विचारलं नाहीस, कधीच विचारलं नाहीस, पण तुझं हे येणं आहे माझ्याकडे.

तुझा निरोप आला तेव्हा सेटवर मीच होते. पलीकडच्यानं सांगितलं आणि मी लिहून घेतलं: 'आईला झटका. उजवी बाजू गेली. ताबडतोब ये. माझी परीक्षा दहा एप्रिलला.' मग नियमाप्रमाणे मी तो परत वाचून दाखवला. आवाज हलला नाही माझा. शेजारच्या साहेबांनी विचारलं, "कुणाचा निरोप आहे?" मी म्हटलं, "माझाच." ते म्हणाले, "अर्ज लिही, मी आत्ता सही करतो." आत्ता, म्हणाले. कागद त्यांनीच पुढं सरकवला. त्या पिवळ्या कागदावर मी अर्ज लिहिला नाही. दोन दिवसांनी त्याच गठ्ठ्यातल्या कागदावर तुला पत्र लिहिलं.

का नाही मागितली? बढतीची यादी लागणार होती, हे खरं आहे. आम्ही पाच बायका होतो आणि मेसमध्ये सगळे म्हणायचे की बायका घरून निरोप आला की रडत पळतात, हेही खरं आहे. लोकांना सांगायला ही दोन्ही कारणं चांगली आहेत, मी ती स्वतःलाही पुष्कळ सांगितली. पण बारके, मला यायचं नव्हतं. आई अशी पडलेली मला बघायची नव्हती. तिचं हगणं-मुतणं काढायचं, तिला भरवायचं, त्या घरात पुन्हा शिरायचं, माझी छाती झाली नाही. तिथं मला वेळेवर जेवण होतं, माझा पलंग होता, माझी वही होती. मला तिथं बरं वाटत होतं. आणि तू आहेस हे मला माहीत होतं. तू आहेस म्हणूनच मी नाही आले.

पत्र लिहिताना हातानं आधी खरंच लिहिलं. डोकं मागून आलं आणि त्यानं खोटं लिहायला लावलं. पान फाडून नवं घेतलं असतं तर तुला आयुष्यात कळलं नसतं, पण पान फाडायचं नाही हे अंगात इतकं भिनलं होतं की तसं सुचलंच नाही. रेघ मारली, सही केली आणि टपालात टाकलं.

दहा एप्रिलला, तुझ्या परीक्षेच्या दिवशी, मी ड्यूटीवर नव्हते. सुट्टीचा दिवस होता माझा. खोलीत बसून बूट पॉलिश करत होते. दहा वाजता मनात आलं, बारकी आता हॉलमध्ये बसली असती. मग दुसरा बूट घेतला. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही, ड्रायव्हरलाही नाही.

तुझाच विषय घेतला तो कसल्या भरपाईसाठी नाही. तशी भरपाई होत नसते, तेवढी अक्कल आहे मला. तू काय शिकत होतीस ते एकदा बघावं, असं वाटलं. दुसऱ्या वर्षाचं एक पुस्तक तर तेच आहे, तुझ्या टेबलावर असायचं ते, निळ्या पुठ्ठ्याचं. फार कंटाळवाणं आहे. तू ते रात्रंदिवस कसं वाचत होतीस कोण जाणे. तुझं डोकं माझ्यापेक्षा कितीतरी बरं होतं, हे मला पाच वर्षं दर संध्याकाळी कळत होतं.

जुनं पत्र सोबत परत पाठवतेय, तू सांगितलंस तसं. त्या तिसांबरोबर ठेवून दे. त्यात मी एक दुरुस्ती केली आहे. 'सुट्टी मिळाली नाही. खूप प्रयत्न केला,' यावर एक रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. वर जागा उरली नव्हती, म्हणून समासात लिहिलं, 'मी सुट्टी मागितली नाही. मागायला हवी होती.' शेजारी छोटी सही केली आणि आजची तारीख घातली, म्हणजे ही दुरुस्ती किती उशिरा झाली ते कागद हातात घेणाऱ्या कुणालाही कळेल.

पोच मागत नाही.

ताई